भरलेले खड्डे

चिचखेडीतलं काम संपत आलं होतं आणि शुभांगीचं अवसानही. सकाळी लॉजवर उठून पाय जमिनीला टेकवला की टाचेत खिळा शिरल्यासारखी कळ यायची. थोडं चालल्यावर ती मुकाट व्हायची आणि दुपार झाली की परत डोकं वर काढायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं होतं. शुभांगीने मान हलवली, चपला बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी परत चालायला लागली. तिचं कामच चालण्याचं होतं.

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून ती नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत कंत्राटावर होती. लहान शहरांचे रस्ते तपासायचे, हे काम. रस्त्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात कुठे भेगा आहेत, कुठे खड्डा आहे, कुठे डांबर उडून गिट्टी वर आलीय, कुठे गाड्यांच्या चाकांनी चाकोरी पाडलीय, ते बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि टॅबमध्ये भरायचं. मग टॅब त्या रस्त्याला शंभरपैकी गुण द्यायचा. चाळीसच्या खाली गेला तो रस्ता नव्याने करायच्या यादीत जायचा, वर राहिला त्याला नुसती ठिगळं. गावोगावी लोक अडवून विचारायचे, रस्ता कधी होणार? आधी आधी ती समजावून सांगायची. मग नुसतं म्हणायला लागली, "मी फक्त मोजते, भाऊ." आता तेही तोंडातून निघायला जड जायचं.

घर कोंढ्याला. तिथे सासू आणि दहावीतली मुलगी मोना. नवरा नागपूरला एका गोदामात, शनिवारी यायचा. शुभांगी कधी शनिवारी असायची, कधी नसायची.

तलाव वॉर्डातली गल्ली यादीत शेवटून दुसरी होती. मुख्य रस्त्यावरून ती फुटायची आणि घरांच्या दोन ओळींमधून तलावाच्या पाळीकडे, मातीच्या बांधाकडे जायची. पाळीला लागून राईस मिल होती, त्यामुळे धानाच्या पोत्यांचे ट्रॅक्टर दिवसभर याच गल्लीतून. फाल्गुन सरत आला होता. उन्हाळी धानाला पाणी सोडून सोडून तलाव पार खाली गेला होता आणि कुणाकुणाच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. गल्लीच्या तोंडाशीच उभं राहून शुभांगीने रस्त्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, इथे मोजायला काही उरलेलंच नाही. डांबराला मगरीच्या पाठीसारख्या चौकटीचौकटींच्या भेगा पडल्या होत्या. कडा तुटून गेल्या होत्या.

तिचा मदतनीस वीरेंद्र अंतर मोजायचं चाक ढकलत पुढे निघाला. तिशीतला, लग्न झालेला, कंपनीची गाडीही तोच चालवायचा. थोडं पुढे जाऊन तो थांबला.

"ताई, इथले खड्डे तर भरले हायेत."

शुभांगीने वाकून पाहिलं. खरंच होतं. खड्ड्याचा आकार दिसत होता, पण आत विटांचे तुकडे आणि मुरूम दाबून बसवला होता, आणि वरून मिलमधल्या कोंड्याची राखड पसरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकलेली होती. एक नाही, दोन नाही, उजव्या बाजूचे सगळेच तसे. तिने पायाने दाबून पाहिलं. हललं नाही.

ती मुकाट्याने प्रत्येक खड्ड्यापुढे 'भरलेला' असं टॅबमध्ये टाकत गेली. पाळीपर्यंत पोचल्यावर टॅबने गुण दाखवले. चाळीसच्या चांगले वर. ठिगळं.

"हे काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं काहून? तुमी बरोबरच टाकलं न."

बरोबरच टाकलं होतं, तेच तर. तिने मागे वळून साऱ्या गल्लीकडे पाहिलं. येत्या पावसाळ्यात हे सगळं वाहून जाणार, हे कोणीही सांगितलं असतं.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई घमेलं घेऊन आली. साठीच्या आसपासची, अंगाने किरकोळ, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. शुभांगीच्या पायाशीच येऊन ती बसली.

"बाजूले व्हा जी थोडं. सकाळचा ट्रॅक्टर गेला अन् इथलं उखडलं."

शुभांगी सरकली. बाईने विटांचे तुकडे हाताने बसवले, मुरूम लोटला आणि धुम्मस उचलून ठोकायला लागली. दर ठोक्याला तिच्या तोंडातून हुं असा आवाज निघत होता.

"हे सगळे तुम्हीच भरले का, काकू?"

"मीच भरतो न बाई. दुसरं कोण भरन?"

"पण कायले?" शुभांगीच्या तोंडून घरची बोली आपसूक निघाली.

बाईने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठल्या तुमी?"

"कोंढ्याची."

"मंग या घरात. उन्हात कायले उभ्या राहता."

बाईचं नाव कौशल्याबाई. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर तिचा नवरा, गोमाजी, कुशीवर पडलेला होता. तलावापलीकडे त्याची धानाची शेती होती. दोन दिवाळ्यांमागे पोती भरलेल्या ट्रॉलीवरून तो पाठीवर पडला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. पण कंबरेच्या वरचं दुखणं काही गेलं नाही. पडून पडून पाठीला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा हेमराजच्या ऑटोत घालून त्याला भंडाऱ्याला पट्टी बदलायला न्यावं लागायचं. शेती ठेक्याने दिलेली. मुलगी रुपा पवनीला दिलेली, जमेल तशी यायची.

"मोठ्या रोडवर काही नाही होत," कौशल्याबाई सांगत होती. "ह्या गल्लीतच जीव जाते ह्यायचा. एक झटका बसला का पार डोळे पांढरे. मंग म्हटलं, आपल्या घरापासून मोठ्या रोडपर्यंत तरी आपण करू. मिलवाला राखड नेऊ देते. विटा पडल्याच राहतात कुठं कुठं."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात वाहून जाते. मंग अजून भरतो."

ती चहा ठेवायला आत गेली. गोमाजी इतका वेळ डोळे मिटून होता, त्याने ते उघडले.

"तुमी सरकारच्या का?"

"नाही काकाजी. मोजून देतो आम्ही, बाकी ऑफिसात ठरते."

"मंग असं मोजा का हा रस्ता होईन." त्याचा आवाज खाली होता, आत ऐकू जाऊ नये असा. "मायं सोडा. मी घेतो सहन करून. हिचे हात पाहा तुमी. रात्री कण्हते झोपेत, अन् सकाळी मले म्हणते, मी कुठं कण्हली. पोरगी सांगून सांगून थकली. हिले थांबवणारं कोणी नाही."

कौशल्याबाई चहा घेऊन आली. कपबशी पुढे करताना तिची बोटं दिसली, नखांच्या कडा फाटलेल्या, राखडीने काळ्या पडलेल्या. चहा पिता पिता शुभांगीने सांगून टाकलं. सांगायचं नाही असं ठरवत होती, पण राहवलं नाही. खड्डे उघडे असते तर हा रस्ता नव्याने करायच्या यादीत गेला असता. भरलेले आहेत म्हणून त्याला गुण जास्त मिळाले.

कौशल्याबाई खाली बसली.

"म्हंजे मी भरले म्हणून रस्ता होत नाही?"

"तसं नाही, काकू," शुभांगी म्हणाली. पण तसंच होतं.

बाहेर आल्यावर वीरेंद्र गाडीला टेकून म्हणाला, "ताई, उघडे लिहून टाका न. कोण येते पाहाले?"

"फोटो जातो सोबत. फोटोत काय दाखवू?"

तिने नागपूरला जीवन सरांना फोन लावला. हे प्रकल्पाचे प्रमुख, माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यावर एकाच वेळी पुष्कळ शहरं होती. त्यांनी ऐकून घेतलं. "दिसतं ते भरा, मॅडम. लोकांच्या घरच्या गोष्टी त्यात आणू नका," म्हणाले आणि फोन ठेवला.

शुभांगी गाडीत बसली, चप्पल काढून टाच चोळत राहिली. कंपनीच्या नियमांचं पुस्तक तिच्या टॅबमध्ये होतं. ते तिला पाठ असल्यासारखंच होतं, तरी तिने ठिगळांचं पान उघडलं. ठिगळ म्हणजे डांबराने किंवा काँक्रीटने पक्की केलेली दुरुस्ती. विटा आणि राखड म्हणजे ठिगळ नव्हे. खड्ड्यात सुटं काही भरलेलं असेल तर ते काढून खोली मोजायची. हे ती दरवेळी करतच होती, पानं साचलेली असोत की गाळ. इथे फक्त ते कोणीतरी जीव लावून भरलेलं होतं, म्हणून तिच्या हातून राहिलं होतं.

ती परत घरात गेली आणि म्हणाली, "काकू, उद्या हे सगळं काढावं लागेल. काढायचं, मोजायचं, फोटो घ्यायचा आणि परत भरायचं. आम्ही दोघं आहोत मदतीला."

"परवा ह्यायले भंडाऱ्याले न्यायचं हाये."

"एका दिवसात करू."

"नाही होत एका दिवसात. मले महिना लागला." कौशल्याबाईचा आवाज चढला नाही, पण ती उठून दारात जाऊन उभी राहिली, जणू कोणी आत्ताच खोदायची सब्बल घेऊन येणार होतं. "अन् काढूनही रस्ता नाही झाला तं? तुमी तं मोजून निंघून जाल."

"होईलच असं मी सांगू शकत नाही," शुभांगी म्हणाली. "नाही काढलं तर होणार नाही, एवढं सांगू शकते."

"काढू दे," खाटेवरून गोमाजी म्हणाला.

"तुमी चूप राहा."

"दोन वर्सं चूपच हावो. काढू दे म्हणतो न."

कौशल्याबाई बराच वेळ दारात उभी राहिली. मग वळून आत गेली आणि भांडी घासायला बसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगी आणि वीरेंद्र पोचले तेव्हा ती सब्बल घेऊन पहिल्या खड्ड्याशी बसलेली होती.

दिवसभर ते काम चाललं. वीरेंद्र सब्बलने हलवायचा, कौशल्याबाई तुकडे उचलून बाजूला रचायची, शुभांगी पट्टी आडवी धरून खोली मोजायची आणि फोटो काढायची. काही ठिकाणी म्हातारीने इतकं ठोकलं होतं की सब्बल मारली तरी ढेकूळ निघेना. वीरेंद्र म्हणाला, अजून मारू का? शुभांगी म्हणाली, नको. जे हाताने निघत नाही ते भरलेलं म्हणून राहू दे. तिला खोटं काही लिहायचं नव्हतं, आणि आता तर मुळीच नव्हतं.

शेजारची शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "कोणी सांगतलं खोदाले? बिचारीनं इतलं केलं, तुमी येऊन मोडता का?" कौशल्याबाई खालमानेने म्हणाली, "मीच सांगतलं." मग शकुंतलाबाई आत गेली आणि मठ्ठ्याचा तांब्या आणि पेले घेऊन आली. मिलमधले दोघं-तिघं येऊन पाहून गेले. एकाने थोडी सब्बल मारली. ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी कडेला व्हायचं, तो उघड्या खड्ड्यांतून धडधडत जायचा आणि कौशल्याबाई तोंड फिरवून घ्यायची.

तिसऱ्या प्रहरी टॅबने परत गुण दाखवले. चाळीसच्या खाली, जेमतेम. वीरेंद्रने आकडा पाहिला आणि नुसता "झालं" म्हणाला. कौशल्याबाईने विचारलंही नाही. ती परत भरायला लागली होती.

भरणं काढण्याइतकं सोपं नव्हतं. विटांचे तुकडे फुटून चुरा झाले होते. मुरूम ट्रॅक्टरच्या चाकांनी पसरला होता. वाऱ्याने राखड उडत होती. मिलमधून नवी आणावी तर मिल बंद व्हायची वेळ झाली. शुभांगीने आयुष्यात कधी धुम्मस धरला नव्हता. थोड्याच वेळात तिचे तळहात सोलले आणि टाचेची कळ मांडीपर्यंत चढली. दिवस बुडाला तेव्हा मुख्य रस्त्याकडचे खड्डे भरून झाले होते आणि घराकडचे तसेच उघडे होते.

"राहू द्या आता," कौशल्याबाई म्हणाली. "तुमी जा."

शुभांगीला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. ती निघाली नाही. सकाळी चालत तलाव वॉर्डात गेली. हेमराजने ऑटो दारापर्यंत आणला होता. चौघांनी गोमाजीला गादीसकट उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. त्याने स्वतःच खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्याचा बोळा दातांत धरला. कौशल्याबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी धरून.

हेमराज माणूस चालेल त्याहून हळू ऑटो चालवत होता. तरी पहिल्याच खड्ड्यात ऑटो एका अंगाला झुकला आणि आतून आवाज आला. दुपट्ट्यातून दबून आलेला, माणसाचा वाटू नये असा. मग दुसरा खड्डा. मग तिसरा. शुभांगी कडेला उभी होती. ऑटो तिच्यासमोरून गेला तेव्हा कौशल्याबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. भरलेल्या भागात पोचल्यावर आवाज थांबला. ऑटो वळून दिसेनासा झाला तरी शुभांगीला तिथून हलायला जमलं नाही. शेवटी वीरेंद्र गाडी घेऊन शोधत आला.

गाडीत ती म्हणाली, "मी केलं हे."

"आपण केलं," वीरेंद्र म्हणाला.

चार दिवसांनी जीवन सरांचा फोन आला. फोटोत रस्त्यावर सब्बल दिसते, बाजूला ढीग दिसतात, हा काय प्रकार आहे? तुम्ही रस्ता खोदलात? शुभांगीने सांगितलं, सुटं भरणं काढून खोली मोजली, नियमात आहे, पान क्रमांक देते. जीवन सर म्हणाले, वरून विचारलं तर तुमचं नाव सांगेन. ती म्हणाली, सांगा. याआधी ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती. पण वरून कोणी विचारलं नाही. गल्ली यादीत गेली.

पावसाळा आला आणि गेला. शुभांगी गोंदियाकडची शहरं मोजत फिरत होती. कार्तिकात एका दुपारी कौशल्याबाईचा फोन आला. नंबर तिने शुभांगीकडून घेऊन ठेवला होता, लावला मात्र पहिल्यांदाच.

"बाई, रस्ता खोदून ठेवला हो. गिट्टी टाकली अन् ठेकेदाराचे माणसं गायब. ऑटो येत नाही आत."

"मग काकाजींना कसं नेता?"

"खाटेवर. मोठ्या रोडपर्यंत चार जण उचलून नेतात. रोज रोज कोणाले म्हणू? लोकायची धानाची कापणी चालू हाये. मागच्या आठवड्यात नेलंच नाही."

शुभांगीने इकडे तिकडे फोन लावले. एकाने सांगितलं काम चालू आहे, दुसऱ्याने सांगितलं कापणीमुळे मजूर मिळत नाहीत. ती रस्ता मोजणारी, तिच्या फोनवर कोण हलणार? शेवटी तिने वीरेंद्रला सांगितलं. तो त्या दिवसांत भंडाऱ्याजवळच घरी होता. तो दर खेपेला मोटारसायकलने जायचा, खाटेचा एक खूर धरायचा आणि परत यायचा. हे त्याने तिला सांगितलं नाही. रुपाने एकदा आईच्या फोनवरून सांगितलं.

काम झालेल्या रस्त्यांची परत पाहणी करायला कंपनीने तिला माघात चिचखेडीला पाठवलं. तलाव वॉर्डाच्या तोंडाशी गाडी थांबली आणि दोघंही बघत राहिले. सगळी गल्ली सिमेंटची झाली होती, पांढरी, सरळ, पाळीपर्यंत. एक शेळी मधोमध ऊन खात बसली होती. वीरेंद्रने चाक लावलं. मोजायला काहीच नव्हतं, ना भेग ना चाकोरी. टॅबने आजवर तिच्या हातून कुठल्याच रस्त्याला दिले नव्हते इतके गुण दिले.

कौशल्याबाई दारात उभी होती. अंगाने आणखी वाळली होती, पण हात स्वच्छ होते. शुभांगीची नजर मात्र तिच्या पायांकडे गेली. पूर्वी रस्त्यावरून घराच्या ओट्यावर चढावं लागायचं. आता रस्त्यावरून खाली उतरावं लागत होतं. जुन्या डांबरावर गिट्टी आणि गिट्टीवर सिमेंट, रस्ता ओट्यापेक्षा वीतभर उंच झाला होता.

"पाहिलं का?" कौशल्याबाई म्हणाली. "सगळ्या घरायचं असंच हाये."

"पाहिलं."

"पाणी येईन न घरात?"

शुभांगीला खोटं बोलता आलं असतं. "येईल, काकू," ती म्हणाली. "नाली नाही काढली तर येईल."

आत गोमाजी खाटेवर होता, पण उशीला टेकून थोडा उठून बसलेला. जखम कापणीच्या दिवसांत वाढली होती. मग त्याला भंडाऱ्याला दवाखान्यातच ठेवावं लागलं, बरेच दिवस. घरी आणलं ते याच नव्या रस्त्यावरून.

"सांगू का तुमाले," तो म्हणाला, आणि बायकोकडे बोट केलं. "हिनं त्या दिवशी मले मारून टाकलं होतं. गल्लीत ऑटो वळला अन् मले झोप लागली. झटका नाही, काही नाही. मी आवाज देत नाही म्हटल्यावर हिले वाटलं, गेला. असं हलवलं मले का पट्टीच सुटली."

"मंग काय करू?" कौशल्याबाई म्हणाली. "ह्या गल्लीत चूप कवा राहिले तुमी?"

वीरेंद्र हसला. शुभांगीलाही हसू आलं, पण ते पूर्ण व्हायच्या आतच तिचे डोळे भरले. तिने टॅब पुसायच्या निमित्ताने खाली पाहिलं.

टॅबमध्ये रस्त्याची उंची आणि घराची उंची टाकायला जागा नव्हती. शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. तो सगळे रिकामा सोडायचे, कारण तो कोणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. शुभांगीने त्यात लिहिलं की दोन्ही बाजूंची घरं खाली गेली आहेत, पावसाळ्याआधी नाली हवी. मग तिने रुपाने ठेवलेल्या वहीतला कोरा कागद मागितला आणि गल्लीच्या वतीने एक अर्ज लिहिला, सोप्या भाषेत, कुठून कुठवर नाली आणि पाणी तलावात कुठे सोडायचं ते सांगून. "सगळ्यांच्या सह्या घ्या," ती म्हणाली. "शकुंतलाबाईंना पुढे करा, त्या ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. आणि आत्ताच द्या, उन्हाळ्यात नको."

"होईन?" कौशल्याबाईने विचारलं.

"माहीत नाही."

कौशल्याबाईने मान हलवली. या उत्तराची आता तिला सवय झाली होती. तिने कागदाची घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवली आणि म्हणाली, "जेवून जा. लाखोरीची डाळ केली हाये."

अजून दोन गल्ल्या राहिल्या होत्या. शुभांगी नको म्हणणार होती, पण वीरेंद्रने तोवर हात धुतले होते. नव्या तांदळाचा भात होता, डाळ होती, मिरचीचा ठेचा होता. जेवण झाल्यावर ती भिंतीशी टेकून बसली, टाच हातात धरून, पाचच मिनिटं म्हणून. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. पूर्वीसारखी धडधड नव्हती, नुसता एक लांबट आवाज, आला आणि गेला.

वीरेंद्र उठून तिला हाक मारायला आला तेव्हा तिची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

"ताई," तो हळू म्हणाला.

"झोपू दे तिले," खाटेवरून गोमाजी म्हणाला. "तूच जा बापा, मोजून ये तितलं."

वीरेंद्रने टॅब उचलला, चाक घेतलं आणि तो पुढच्या गल्लीकडे निघाला. कौशल्याबाईने उन्हाची तिरीप शुभांगीच्या तोंडावर येत होती तो दरवाजा अर्धा लोटून घेतला.